माल जागेवरच, धंदा जोरात : गॅलापागोस बेटांवरचा एक दिवस

दुकानातला माल विकला की संपतो, मग नवा भरावा लागतो. पॅसिफिक महासागरातील गॅलापागोस बेटांवर मात्र गिऱ्हाईक दूरदेशाहून येते, रोख पैसे मोजते आणि एक शिंपलासुद्धा न उचलता परत जाते. तिथला माल एकच : माणसाला न घाबरणारे जनावर. हा माल टिकतो कसा, हे आपल्या व्यापारी बांधवांनी समजून घेण्यासारखे आहे.

ही बेटे इक्वेडोर देशाची, त्याच्या किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटर दूर. जवळपास ९७ टक्के जमीन राष्ट्रीय उद्यानात मोडते. हे उद्यान १९५९ साली झाले. १०० हून अधिक प्रवाशांच्या जहाजाला इथे फेरीचा परवाना मिळत नाही. जहाजाने कुठल्या दिवशी कुठे थांबायचे तेही उद्यान ठरवते. २०१२ पासून तर एकच जहाज एकाच जागी १४ दिवसांच्या आत पुन्हा जाऊ शकत नाही. आपल्याकडे सणासुदीला फुटपाथवर गर्दी वाढली की आपण खूश होतो. इथे गर्दी म्हणजे नुकसान.

एस्पान्योला बेटावरचा दिवस घ्या. सकाळी छोट्या होडीतून उतरायचे. प्रत्येक तुकडीबरोबर उद्यानाचा परवाना असलेला गाईड. वाट आखलेली, प्राण्यापासून २ मीटर अंतर, हात लावायचा नाही, खाऊ घालायचा नाही. वाटेतच समुद्री इग्वाना पसरलेले असतात. या बेटावर त्यांचा रंग लाल-हिरवा होतो, जणू छपाईवाल्याने दोन रंग जास्तच ओतले. निळ्या पायांचे बूबी पक्षी रस्त्यावरच अंडी उबवत बसतात, वळसा माणसाने घालायचा. एप्रिल ते डिसेंबरमध्ये अल्बाट्रॉस दिसतो. या जातीचे जवळजवळ सगळे पक्षी इथेच अंडी घालतात. या बेटाची कासवे एकेकाळी फक्त १४ उरली होती. त्यांना सांताक्रूझ बेटावर नेऊन, अमेरिकेतल्या सॅन दिएगो प्राणिसंग्रहालयातला एक नर आणून वंश वाढवला. तो नर आणि बाकीची म्हातारी कासवे जून २०२० मध्ये एस्पान्योलावर परत सोडली.

दुपारी स्नॉर्कलिंग, म्हणजे डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात नळी आणि पाण्यावर पालथे तरंगणे. विषुववृत्त असूनही थंड प्रवाहांमुळे पाणी गार असते, म्हणून अंगाला घट्ट बसणारा सूट घालतात. मी कापडवाला, माझे लक्ष तिकडेच. फेसाळ रबराचा थर, दोन्ही बाजूंना चिकटवलेले विणीचे नायलॉन. आत शिरलेले थोडे पाणी अंगाच्या उबेने तापते. बऱ्याच जहाजांवर या सुटाचे भाडे वेगळे लावतात! पाण्यात समुद्रसिंहाची पिल्ले माणसाभोवती गिरक्या घेतात, खाली हिरवी कासवे चरत असतात.

पण हा कारभार भांडणाशिवाय उभा राहिला नाही. १९९० नंतर आशियाच्या बाजारात समुद्री काकडीला मोठा भाव आला. तिच्या मासेमारीचा हंगाम सरकारने बंद केला, तेव्हा जानेवारी १९९५ मध्ये मच्छीमारांनी चार्ल्स डार्विन संशोधन केंद्राला वेढा घातला. त्यांची पद्धत चुकीची होती, पण प्रश्न खरा होता : पाहुण्यांचे पैसे जहाजवाल्यांना, बंदी मात्र आम्हाला? १९९८ च्या खास कायद्याने त्याचे काही प्रमाणात उत्तर दिले. मोठ्या कंपन्यांच्या जहाजांना मासेमारी बंद झाली, राखीव समुद्रात ती फक्त स्थानिकांसाठी राहिली आणि प्रवेश शुल्काचा एक वाटा तिथल्या नगरपालिकांना ठरवून दिला गेला.

शुल्क किती? परदेशी प्रौढाला पूर्वी १०० डॉलर होते, १ ऑगस्ट २०२४ पासून २०० डॉलर झाले. इक्वेडोरच्या प्रौढ नागरिकाला ३० डॉलर. जहाजाचे भाडे याहून वेगळे आणि कितीतरी पट जास्त.