आधी शिकवा, मग रुग्ण सोपवा

अंथरुणाला खिळलेल्या माझ्या आईसाठी आम्ही एक बाई ठेवली होती. बाई प्रेमळ, पण आईला आडवे ठेवूनच पेज भरवायची. एके दिवशी जोराचा ठसका लागून आईचा श्वास कोंडला. आई थोडक्यात वाचली. दोष बाईचा नव्हता, आमचा होता. तिला कोणी शिकवलेच नव्हते.

अमेरिकेत १९८७ साली झालेल्या केंद्रीय कायद्यानुसार, नर्सिंग होममध्ये नव्याने लागलेल्या पूर्णवेळ मदतनिसाला किमान ७५ तासांचे प्रशिक्षण घेऊन चार महिन्यांत परीक्षेत उतरावे लागते. नाहीतर त्या कामावर ठेवता येत नाही. २०२० मध्ये करोनामुळे ही अट शिथिल झाली होती. २०२२ मध्ये ती सवलत संपली.

मला मात्र मुदतीपेक्षा दुसरा नियम मोलाचा वाटतो. पहिले १६ तास रुग्णाला हात लावण्यापूर्वीच शिकायचे. जंतुसंसर्ग कसा टाळावा, घास अडकल्यास काय करावे, हे त्यात येते.

आपणही घरी बाई ठेवताना पहिल्याच दिवशी डॉक्टर वा परिचारिकेकडून तिला तीन गोष्टी शिकवून घ्याव्यात : बसवून भरवणे, साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे आणि साबणाने हात धुणे. शिकण्याला चार महिने चालतील. ठसका तेवढा थांबत नाही.