व्यसनग्रस्तांच्या कुटुंबांचे साहाय्य व हानिन्यूनीकरण

व्यसनग्रस्तांच्या कुटुंबांचे साहाय्य व हानिन्यूनीकरण : मद्य, अफू व अफूजन्य पदार्थ, गांजा, झोपेच्या गोळ्या यांसारख्या अंमल आणणाऱ्या पदार्थांच्या आहारी गेलेल्या व्यक्तीच्या कुटुंबीयांना समाजातील संस्था, स्वयंसेवक, आरोग्यसेवक व शेजारीपाजारी यांनी दिलेल्या आधारास कुटुंबसाहाय्य म्हणतात. व्यसन सुटेपर्यंतच्या काळात, अथवा ते सुटले नाही तरीही, त्यापासून उद्‌भवणारे मृत्यू, रोग, मारहाण व दारिद्र्य कमी करण्याच्या उपाययोजनेस हानिन्यूनीकरण अशी संज्ञा आहे. या दोन्ही गोष्टी परस्परपूरक आहेत. कारण व्यसनाची हानी प्रथम घरात होते आणि ती टाळण्याची संधीही बहुधा घरातील माणसांनाच मिळते.

व्याप्ती : केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सु. १६ कोटी लोक मद्य घेत होते आणि त्यांपैकी सु. ५.७ कोटी लोकांना मद्यामुळे निर्माण झालेल्या समस्यांसाठी मदतीची गरज होती. अंमली पदार्थ टोचून घेणाऱ्यांची संख्या सु. साडेआठ लाख होती. मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ व्यक्तींपैकी केवळ एकीला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळाल्याचे या पाहणीत आढळले. याचा अर्थ असा, की उरलेल्या ३७ जणांचा सांभाळ, शुश्रूषा आणि बंदोबस्त ही सर्व कामे प्रशिक्षणावाचून व मोबदल्यावाचून त्यांच्या घरची माणसे करीत असतात.

कुटुंबावरील परिणाम : मिळकतीचा मोठा भाग व्यसनात जाणे, कर्ज, दागिने व भांडीकुंडी गहाण पडणे, मारहाण, संशय, मुलांचे शिक्षण खंडित होणे आणि नातेवाइकांपासून तुटणे हे परिणाम सर्वपरिचित आहेत. लोकलज्जेचा परिणाम मात्र सहसा लक्षात येत नाही. घरची गोष्ट बाहेर जाऊ नये म्हणून पत्नी पतीच्या गैरहजेरीची खोटी कारणे कचेरीस कळविते, आई मुलाची देणी गुपचूप फेडते आणि मुले मित्रांना घरी आणीत नाहीत. परिणामतः मदतीची सर्वांत अधिक गरज असताना कुटुंब एकाकी पडते.

राम गणेश गडकरी यांच्या एकच प्याला या नाटकातील सिंधूच्या रूपाने सोसणाऱ्या पत्नीचे चित्र मराठी मनावर खोल ठसले आहे. अशा स्त्रीचा एके काळी आदर्श म्हणून गौरव झाला. पुढे पाश्चात्त्य मानसोपचारात याच वर्तनास ‘व्यसनाला खतपाणी घालणे’ असा दोष लावण्यात आला. जिम ऑरफर्ड, ॲलेक्स कोपेलो व रिचर्ड व्हेलमन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी हे दोन्ही दृष्टिकोन बाजूला ठेवून असे प्रतिपादन केले, की व्यसनग्रस्ताचे आप्त हे रोगी नव्हेत वा रोगाचे कारणही नव्हेत, तर दीर्घकाळ ताणाखाली जगणारी सामान्य माणसे होत. सोसणे, विरोध करणे व दूर होणे असे प्रतिसादाचे तीन मार्ग त्यांना उपलब्ध असतात. त्यांपैकी कोणताही एक सर्वकाळ योग्य नसतो. प्रत्येकाचे फायदेतोटे पाहून निवड करण्यास कुटुंबास मदत करणे हे साहाय्यकर्त्याचे काम होय. या विचारातून त्यांनी पाच टप्प्यांची समुपदेशनपद्धती तयार केली : कुटुंबीयाचे म्हणणे ऐकून घेणे, आवश्यक माहिती पुरविणे, प्रतिसादाच्या मार्गांची चर्चा करणे, आधार कोठून मिळेल ते शोधणे आणि पुढील गरजा ठरविणे.

स्वसाहाय्य गट : अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही मद्यासक्तांची संघटना अमेरिकेत ॲक्रन (ओहायओ) येथे १९३५ मध्ये उदयास आली. तिच्या सभांच्या वेळी बाहेर थांबणाऱ्या पत्नींच्या अनौपचारिक बैठकींतून कुटुंबीयांच्या गटांची कल्पना पुढे आली आणि १९५१ मध्ये लोइस विल्सन यांच्या पुढाकाराने अल्‌-ॲनॉन हे त्यांचे स्वतंत्र संघटन झाले. पिणाऱ्याचे व्यसन आपण निर्माण केलेले नाही, त्यावर आपले नियंत्रण नाही आणि ते बरे करणेही आपल्या हाती नाही, ही जाणीव या गटांच्या विचाराचा गाभा आहे. महाराष्ट्रात पुणे येथे अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. गर्दच्या व्यसनाचा त्या काळी तरुणांत झालेला फैलाव हे त्यामागील तात्कालिक कारण होते. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट तेथे चालविला जातो. आपल्यासारखेच भोगलेल्या दुसऱ्या स्त्रीने सांगितलेली गोष्ट तज्ञाच्या उपदेशाहून अधिक स्वीकारली जाते, हा अशा गटांचा सार्वत्रिक अनुभव आहे.

कुटुंब-प्रशिक्षण : व्यसनी व्यक्ती उपचार नाकारीत असेल, तर कुटुंबाने काय करावे याविषयी अमेरिकेत न्यू मेक्सिको येथे रॉबर्ट मायर्स व त्यांचे सहकारी यांनी पद्धतशीर कार्य केले. त्यांच्या पद्धतीत कुटुंबीयास व्यक्ती शुद्धीवर असतानाच बोलणे, व्यसनमुक्त दिवशी आपुलकीने वागणे, प्यायल्यावर होणारे परिणाम तिच्यावतीने न निस्तरणे, स्वतःचे आरोग्य जपणे आणि योग्य क्षणी उपचारांचा विषय काढणे यांचे शिक्षण देतात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात या पद्धतीने ६४ टक्के व्यसनी व्यक्ती उपचारांस राजी झाल्या. सर्व आप्तांनी एकत्र येऊन व्यक्तीस धारेवर धरण्याच्या पद्धतीने ३० टक्के, तर केवळ अल्‌-ॲनॉनच्या मार्गाने १३ टक्के राजी झाल्या. अल्‌-ॲनॉनचा उद्देशच मुळी कुटुंबीयाचे स्वतःचे स्वास्थ्य हा असल्याने हा शेवटचा आकडा त्याच्या अपयशाचा निदर्शक मानता येत नाही.

गोव्यातील संगाथ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत हानिकारक प्रमाणात मद्य घेणाऱ्या ३७७ पुरुषांवर केलेला प्रयोग भारतीय परिस्थितीत विशेष महत्त्वाचा आहे. वैद्यकीय पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांच्या थोड्या भेटींनंतर, तीन महिन्यांच्या अखेरीस ३६ टक्के पुरुषांचे मद्यपान धोक्याच्या पातळीखाली आले. नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते. मनोविकारतज्ञांची वाण असलेल्या प्रदेशातही परिणामकारक मदत उभी करता येते, हे यावरून दिसून येते.

हानिन्यूनीकरणाचा विकास : ब्रिटनमध्ये रोल्स्टन समितीने १९२६ मध्ये अफूजन्य पदार्थांच्या काही व्यसनग्रस्तांना वैद्यकीय देखरेखीखाली नियमित मात्रा देणे हा उपचारच होय, असा अभिप्राय दिला. न्यूयॉर्क येथे १९६० नंतरच्या दशकात व्हिन्सेंट डोल व मेरी निस्वांडर यांनी हेरॉइनऐवजी मेथॅडोन देण्याची पद्धती विकसित केली. ॲम्स्टरडॅम येथे १९८४ मध्ये वापरलेल्या सुया घेऊन निर्जंतुक सुया देण्याचा उपक्रम सुरू झाला. एड्सच्या प्रसारानंतर तो अनेक देशांनी स्वीकारला. भारतात मणिपूर व नागालँड या राज्यांत टोचून घेण्याच्या व्यसनातून एचआयव्हीचा फैलाव झाल्याने तेथे स्वयंसेवी संस्थांनी हे काम प्रथम हाती घेतले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात (२००७–१२) सुयांचे वाटप व ब्यूप्रेनॉर्फिनचे पर्यायी उपचार यांस शासकीय अधिष्ठान मिळाले.

घरातील दक्षता : पुढील धोके कुटुंबीयांस माहीत असणे अत्यावश्यक ठरते. (१) रोज भरपूर पिणाऱ्याचे मद्य घरी एकाएकी बंद केल्यास पहिल्या दोन दिवसांत झटके आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, कंप व ज्वर उद्‌भवू शकतात. योग्य उपचारांअभावी ही अवस्था प्राणघातक ठरते. म्हणून कोंडून ठेवून दारू सोडविण्याचा प्रयत्न न करता मद्य वैद्याच्या देखरेखीखालीच बंद करावे. (२) ‘नकळत दारू सोडविणारे औषध’ म्हणून जेवणात मिसळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या पुड्यांत डायसल्फिराम असू शकते. हे औषध घेतलेल्या व्यक्तीने मद्य घेतल्यास शरीरात ॲसिटाल्डिहाइड साठते व उलट्या, धडधड, रक्तदाब घसरणे असे परिणाम होतात. प्रसंगी मृत्यूही ओढवतो. रुग्णाच्या संमतीने व वैद्यकीय तपासणीनंतरच ते द्यावयाचे असते. (३) हेरॉइन काही आठवडे बंद राहिल्यास शरीराची सह्यता घटते. त्यामुळे तुरुंगातून वा व्यसनमुक्ती केंद्रातून परतल्यावर घेतलेली पूर्वीइतकीच मात्रा श्वसन बंद पाडू शकते. अशा वेळी व्यक्तीस कुशीवर वळवून ताबडतोब रुग्णालयात न्यावे. नॅलोक्सोन हे यावरील प्रतिऔषध आहे. (४) हातभट्टीच्या दारूत मिथिल अल्कोहोल मिसळले गेल्यास काही तासांनी अंधुक दिसणे, पोटदुखी व धाप ही लक्षणे दिसू लागतात. मुंबईत विक्रोळी येथे २००४ मध्ये ८७, तर मालवणी येथे २०१५ मध्ये शंभराहून अधिक लोक अशा दारूने मरण पावले. ‘उतरेल सकाळपर्यंत’ म्हणून थांबणे या बाबतीत घातक असते. (५) मारहाणीचा धोका असल्यास महत्त्वाची कागदपत्रे, थोडे पैसे व आश्रयाचे ठिकाण यांची तजवीज आधीच करून ठेवावी. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ अन्वये संरक्षण व निवासाचे आदेश मिळविता येतात. पती रुग्ण आहे, या कारणाने हिंसा क्षम्य ठरत नाही.

सामूहिक प्रयत्न : पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये वाढत्या दारूदुकानांस विरोध केला होता. गाडगे महाराजांच्या कीर्तनांनी दारूविरोधी विचार खेडोपाडी नेला. गडचिरोली जिल्ह्यात जनआंदोलनानंतर १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली. तेथे राज्य शासन व अभय आणि राणी बंग यांची सर्च ही संस्था यांनी २०१६ मध्ये मुक्तिपथ हा उपक्रम सुरू केला. गावसंघटनांकरवी अवैध विक्री थांबविणे, दारू व तंबाखूविषयी जागृती करणे आणि व्यसनग्रस्तांवर उपचार करणे ही त्याची अंगे होत. महाराष्ट्रात ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या चिन्हांवर मतदान घेऊन गावातील दारूचे दुकान बंद करण्याची तरतूद आहे; तिचा उपयोग स्त्रियांनी ठिकठिकाणी केला. चंद्रपूर जिल्ह्यातील बंदी मात्र २०१५ मध्ये लागू होऊन २०२१ मध्ये उठविण्यात आली. पुरवठ्यावरील निर्बंधांनी घरातील पिणाऱ्याची शारीरिक गरज आपोआप नाहीशी होत नाही. म्हणून बंदी असो वा नसो, उपचारांची सोय जवळ असणे आवश्यक ठरते. [⟶ दारूबंदी, मद्यासक्ति].

कायदा : अंमली औषधे व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ च्या कलम ६४–अ अन्वये अल्प प्रमाणातील पदार्थाबाबत आरोप असलेल्या व स्वेच्छेने मान्य संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यसनग्रस्तास खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने मद्य व अंमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा मनोविकारांत समावेश केल्याने उपचारांतील प्रतिष्ठा व अमानुष वागणुकीपासून संरक्षण हे हक्क या रुग्णांनाही लागू होतात. कुटुंबाने केंद्र निवडताना मारहाण, साखळदंड व भेटीस मनाई असे प्रकार तेथे नाहीत, याची खात्री करून घेणे इष्ट असते.

मतभेद : हानिन्यूनीकरणामुळे व्यसनास मूक संमती मिळते, असा आक्षेप घेतला जातो. पर्यायी औषधे व स्वच्छ सुया पुरविल्याने व्यसनी व्यक्ती आरोग्यसेवेच्या संपर्कात राहते आणि पुढे व्यसनमुक्तीकडे वळण्याची शक्यता टिकून राहते, असे त्यावर समर्थकांचे उत्तर आहे. पूर्ण व्यसनमुक्ती हे ध्येय कुटुंबाच्या दृष्टीने स्वाभाविक होय. तथापि पुनःपुन्हा व्यसनाकडे वळणे हा या विकाराचा नेहमीचा क्रम असल्याने, केवळ तेवढेच यश मानल्यास प्रत्येक घसरणीबरोबर कुटुंब खचते. मारहाण थांबणे, पगार घरी येणे, मूल शाळेत टिकणे व माणूस जिवंत राहणे हीदेखील मोजण्याजोगी फलिते आहेत. व्यसनी व्यक्तीने उपचार स्वीकारले नाहीत तरीही तिच्या पत्नीस, आईवडिलांस व मुलांस स्वतःसाठी मदत मागण्याचा अधिकार आहे, हे तत्त्व कुटुंबसाहाय्याच्या आधुनिक कार्यात मूलभूत मानले जाते.