मनाच्या आजाराची चिठ्ठी सरहद्द ओलांडते का?

चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात मोडतो, पण तिथल्या माणसाला बाजाराला आणि दवाखान्याला बेळगावच जवळ. ताप, बाळंतपण, मोडलेले हाड, यांत राज्य कुठले हे कोणी पाहत नाही. मनाच्या आजारात मात्र ही सरहद्द आडवी येते. ती का येते, हे शेतकरी कुटुंबांनी समजून घ्यावे म्हणून हा लेख.

१९८५ साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने बळ्ळारी जिल्ह्यात एक प्रयोग सुरू केला. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना व कर्मचाऱ्यांना शिकवून मनाच्या रोग्याला गावाजवळच औषध द्यायचे, असा तो प्रयोग. त्याच धर्तीवर १९९६ पासून केंद्र सरकारने जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चालू केला. योजना चांगलीच आहे, पण तिच्या नावातच जिल्हा आहे. नोंदवही जिल्ह्याची आणि औषधसाठा राज्याचा. कोल्हापूरच्या वहीत नाव असलेला रोगी रात्री बेळगावच्या तातडीच्या वॉर्डात पोचला, तर तिथल्या डॉक्टरांसमोर ती वही नसते. नातेवाइकांनी नेलेला कागद एकीकडे मराठीत, दुसरीकडे कानडीत; आणि डॉक्टरांचे इंग्रजी अक्षर म्हणाल तर दोन्ही राज्यांत सारखेच दुर्बोध!

यात धोका कसा, ते पाहा. मनाच्या काही आजारांत लिथियम नावाचे औषध देतात. ते रक्तात ठरावीक प्रमाणातच असावे लागते, म्हणून अधूनमधून रक्त तपासतात. असा माणूस भर उन्हात भांगलणीला गेला, घाम फार गेला, किंवा जुलाब-उलट्या झाल्या, की अंगातले पाणी कमी होऊन लिथियमचे प्रमाण वाढते. त्यातच आयब्युप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी दिली तर ते आणखी वाढते. हात कापतात, बोलणे अडखळते, झापड येते. लिथियम चालू आहे हे दुसऱ्या दवाखान्याला कळलेच नाही, तर त्याला निव्वळ जुलाबाचा रोगी समजून उपचार होतात.

याहून मोठी फट दोन दवाखान्यांत नसून एकाच आवारातल्या दोन विभागांत असते. शेतातले कीटकनाशक पोटात घेतलेल्या माणसाला वॉर्डातले डॉक्टर शर्थीने वाचवतात. विष उतरले, शुद्ध आली, घरी पाठवले. पण ज्या दुःखाने त्याने ते केले त्याची विचारपूस राहून जाते, आणि शेजारच्या मानसोपचार विभागाला तो येऊन गेल्याचा पत्ताही नसतो. पुढचे काही आठवडे तर सर्वांत जोखमीचे.

इथे मोठ्या यंत्रांची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक पाहणी केली, तिचा अहवाल २००८ साली निघाला. भारतातले ठिकाण चेन्नई होते. जीव देऊ पाहणाऱ्या १८६७ जणांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांशी त्याखेरीज तासभर बोलणे केले आणि पुढे दीड वर्षात नऊ वेळा फोन करून किंवा घरी जाऊन चौकशी केली. दीड वर्षानंतर पहिल्या गटात शेकडा २.२ जणांनी आत्महत्या केली होती, दुसऱ्यात शेकडा ०.२ जणांनी. नुसते कागद पाठवून भागत नाही, रोगी पोचला की नाही हे पाठवणाऱ्याने विचारले पाहिजे, असे आमचे मत आहे ते यावरूनच.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही याच बाजूचा आहे. मानसिक रुग्णालयातून घरी सोडताना, किंवा दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे सोपवताना, आधीच्या तज्ज्ञाने रोगी, त्याने नेमलेली व्यक्ती आणि पुढचे तज्ज्ञ यांच्याशी बोलून उपचार ठरवावेत, असे त्याचे ९८ वे कलम सांगते. गुप्तता पाळलीच पाहिजे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना काही कळता कामा नये; परंतु उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरला माहिती देण्यास कायद्याची आडकाठी नाही. आणि जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच हा कायदा गृहीत धरतो. तेव्हा पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात खोटे कारण सांगू नये. पुढची सगळी मदत त्यापायी हुकते.

घरच्यांनी एक फाईल करावी. सोडतेवेळचा कागद, रक्ताचे अहवाल, आणि औषधाचे मूळ नाव मोठ्या स्पष्ट अक्षरात लिहून घेतलेले. एकच औषध निरनिराळ्या कंपन्यांच्या नावांनी मिळते, त्यामुळे दोन दवाखान्यांतून तेच दुप्पट होऊ शकते. रिकामी पाकिटेही टाकू नयेत. दवाखाना सोडण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: पुढे कुठे जायचे, कोणत्या तारखेला, आणि तिथे कोणाशी बोलणे झाले आहे. तिसऱ्याचे उत्तर आले नाही तर खुशाल तिथेच थांबून फोन करण्याची विनंती करावी. शेतकरी माणूस साहेबापुढे उगाच संकोचतो.

रात्रीअपरात्री विचार अनावर झाले तर १४४१६ हा टेलिमानसचा फोन आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी तो सुरू झाला, रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येते. विष पोटात गेले असेल तर मात्र वाट न पाहता १०८ ला फोन करून गाडी बोलवावी, आणि औषधाची बाटली व ती फाईल रोग्याबरोबर द्यावी. फवारणीची उरलेली औषधे कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे असू द्यावी.