संचय-खंड, मेघस्थित

आभासी संगणकाच्या बाहेर, सेवादात्याच्या यंत्रणेत असलेल्या आणि जाळ्यामार्फत त्या संगणकास चकतीप्रमाणे जोडता येणाऱ्या साठवणुकीच्या भागास मेघस्थित संचय-खंड (क्लाउड व्हॉल्यूम) म्हणतात. प्रत्यक्ष, म्हणजे यजमान, संगणकावर आज्ञावलीद्वारे निर्माण केलेला आभासी संगणक हे अतिथी यंत्र होय. अतिथी यंत्र नाहीसे केले, तरी स्वतंत्रपणे राखलेल्या खंडातील माहिती टिकते; हे या पद्धतीचे प्रमुख वैशिष्ट्य आहे.

ॲमेझॉन कंपनीने अशी सेवा २००८ मध्ये सुरू केली व २०१६ मध्ये तिची केंद्रे मुंबईत उघडली. या सेवेत खंड व यंत्र सामान्यतः एकाच क्षेत्रात असावे लागतात. माजलगाव (जि. बीड) येथील एखाद्या कापूस व्यापाऱ्याचे हिशेब मुंबईतील अतिथी यंत्रावर असतील, तर त्यांचा खंडही तेथील त्याच क्षेत्रात घ्यावा लागतो, माजलगावाहून केवळ आज्ञा व नोंदी जातात.

खंडाची जोडणी दोन टप्प्यांत होते. प्रथम सेवादात्याच्या नियंत्रण-पटलावरून खंड यंत्रास जोडतात. एवढ्याने तो वापरता येत नाही. अतिथी यंत्रात त्यावर फाइल-व्यवस्था निर्माण करून (फॉरमॅट) तो एखाद्या निर्देशिकेशी संलग्न (माउंट) करावा लागतो. फॉरमॅट केवळ कोऱ्या खंडाचे करावयाचे असते. जुन्या खंडावर ही क्रिया केल्यास पूर्वीची माहिती हाती लागत नाही. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर खंडाचे नाव बदलू शकते. म्हणून कायम संलग्नतेसाठी त्याचा अनन्य ओळखक्रमांक नोंदवितात.

खंड काढताना हाच क्रम उलटा असतो. लिहावयाची काही माहिती तात्पुरती स्मृतीत असते. संलग्नता सोडविताना ती खंडावर उतरते. त्याआधीच खंड तोडल्यास फाइली दूषित होतात. तसेच सामान्य फाइल-व्यवस्थेचा खंड एकाच वेळी दोन यंत्रांत लेखनासाठी संलग्न करीत नाहीत. कारण एकाने केलेले बदल दुसऱ्यास कळत नाहीत.

खंडाची क्षमता वाढविल्यावर त्यावरील फाइल-व्यवस्थाही वाढवावी लागते. खंड टिकाऊ असला, तरी चुकीने पुसलेली नोंद त्यावरूनही पुसली जाते. यास्तव ठराविक काळाने त्याची क्षणप्रत (स्नॅपशॉट) घेतात व ती परत उतरवून तपासतात. यंत्र बंद असले, तरी राखलेल्या खंडाचे शुल्क चालूच राहते.