अर्धवट राहिलेली गोधडी

घरातील आजींनी जुन्या लुगड्यांची गोधडी अर्ध्यावर सोडली असेल, तर ‘आता वय झाले’ म्हणून विषय मिटवू नका. सुईत दोरा ओवता येत नसेल, तर मोतीबिंदू तपासून घ्यावा. बोटे आखडत असतील, तर सांधे. नजर व हात ठीक असूनही दोन आठवडे कशातच मन रमत नसेल, तर नैराश्य किंवा थायरॉईडचा विकार असू शकतो. डॉक्टरांना अवश्य भेटावे.

माझ्याकडे येणाऱ्या एका आजींनी पतिनिधनानंतर सुई खाली ठेवली होती. उभारी येण्याची वाट न पाहता रोज वीतभर धावदोरा घालावा, एवढेच मी सुचविले. (तेही गोधडीवर नव्हे, पणतवंडाच्या दुपट्यावर, मोठे काम पाहूनच छाती दडपते.) सूनबाई सकाळीच चार सुया ओवून ठेवीत. पहिले काही दिवस आजींनी शिवण्यापेक्षा उसवलेच अधिक. परवा मात्र रक्तदाब तपासताना त्यांनी तक्रार केली, चार सुया पुरत नाहीत!