विश्लेषण : नाचोज, टाको, बरिटो… मेक्सिकन प्लेटमध्ये खरा मेक्सिको किती, आपला विदर्भ किती?

पिझ्झा, बर्गर आणि चायनीजनंतर आता नाचोज, टाको, बरिटो ही नावे जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॅफेंमध्येही ओळखीची होऊ लागली आहेत. वाढदिवसाची पार्टी असो की कॉलेजच्या ग्रुपचा बेत, मेन्यूकार्डातील ‘मेक्सिकन’ पानावर बोट थांबतेच. नावे वाचून थोडा गोंधळ होतो, किमती वाचून थोडा विचार होतो आणि शेवटी बहुतेक वेळा नाचोजच मागवले जातात. पण या प्लेटमध्ये असते काय? मका, मिरची, टोमॅटो, राजमा. यातले बहुतेक सगळे चंद्रपूर-गडचिरोलीतील स्वयंपाकघरात किंवा परसात आधीपासून आहे. मग ‘मेक्सिकन’ म्हणून आपण पैसे नेमके कशाचे मोजतो?

मेन्यूतील नावांचा अर्थ काय?

सगळ्याचा पाया तोर्तिया. ही मक्याच्या पिठाची पातळ, हातभर नव्हे तर तळहाताएवढी भाकर. मेन्यूवर तिचे नाव ‘टॉर्टिला’ असे वाचले जाते, पण स्पॅनिशमध्ये दोन ‘एल’चा उच्चार ‘य’ होतो. म्हणून केसाडिला नव्हे, केसादिया. ‘जे’चा उच्चार ‘ह’ होतो, म्हणून जलापेनो नव्हे, हालापेन्यो.

तोर्तियात भाजी, मांस किंवा राजमा ठेवून ती हातात दुमडली की टाको. आत चीज घालून तव्यावर शेकली की केसादिया. गव्हाच्या मोठ्या पोळीत सारण भरून गुंडाळी केली की बरिटो. गव्हाची पोळी ही प्रामुख्याने उत्तर मेक्सिकोची, तर दक्षिणेकडे मक्याचे राज्य. साल्सा म्हणजे टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर यांची चटणी आणि ग्वाकामोले म्हणजे अॅव्होकाडोचे भरीत. टोमॅटो, अॅव्होकाडो, चॉकलेट हे शब्दही मेक्सिकोतील नाहुआत्ल या मूळ भाषेतून जगभर गेले आहेत.

कॅफेत मिळते ते मेक्सिकोत खातात का?

काही प्रमाणात. चीजचा सॉस ओतलेले नाचोज आणि कडक, यू आकाराचे टाको हा मेक्सिकोपेक्षा अमेरिकेचा वारसा आहे. नाचोजचा जन्म १९४० च्या दशकात अमेरिकेच्या सीमेला लागून असलेल्या पिएद्रास नेग्रास या मेक्सिकन गावात झाला, असे मानले जाते. सीमेपलीकडून आलेल्या अमेरिकी महिलांना काहीतरी खायला हवे होते. इग्नासिओ अनाया यांनी तोर्तियाचे तळलेले तुकडे, चीज आणि मिरच्या एकत्र करून दिल्या. इग्नासिओ या नावाचे लाडके रूप ‘नाचो’, म्हणून पदार्थाचे नाव नाचोज.

पुढे अमेरिकेतील साखळी रेस्टॉरंटनी हे पदार्थ यंत्रावर बसवले. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या टाको बेलचे भारतातील पहिले दुकान २०१० मध्ये बंगळुरूत उघडले. आपल्या कॅफेंतील मेक्सिकन पदार्थ आले ते याच वाटेने. पाकिटातील चिप्स, बाटलीतील हालापेन्यो आणि तयार चीज सॉस. चव वाईट असते असे नाही. पण पाकीट फोडले की प्लेट तयार, स्वयंपाक फारसा उरत नाही.

मग गल्लीतले खरे मेक्सिकन हॉटेल कसे असते?

त्याचे आपल्याकडील सर्वांत जवळचे नातलग कॅफे नसून खानावळ आहे. मेक्सिकोतील शहरांत गल्लोगल्ली ‘फोंदा’ नावाची छोटी, बहुधा घरच्याच लोकांनी चालवलेली जेवणाची ठिकाणे असतात. गोव्यातील फोंड्याशी याचा काही संबंध नाही. दुपारी तिथे ‘कोमिदा कोरिदा’ मिळते. म्हणजे ठरलेल्या किमतीचे पूर्ण जेवण. आधी पातळ सूप, मग भात किंवा शेवया, त्यानंतर रस्सा किंवा भाजी, सोबत राजम्यासारख्या घेवड्याची उसळ आणि फडक्यात गुंडाळून आणलेल्या गरम तोर्तिया. प्यायला फळांचे किंवा फुलांचे सरबत. आज काय आहे ते हाताने लिहिलेल्या फळ्यावर कळते आणि गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे कारकून, कामगार, विद्यार्थी.

बसस्थानकाजवळच्या खानावळीत जेवणाऱ्याला यातले काही परके वाटणार नाही. फरक आहे तो मानाचा. २०१० मध्ये युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक खाद्यसंस्कृतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. या नोंदीत मिचोआकान राज्याचा नमुना पुढे ठेवलेला आहे आणि शेतातील मका-मिरची-घेवड्यापासून गावातील स्वयंपाकिणींपर्यंत सगळी साखळी त्यात मोजली आहे.

चुन्याचे गणित काय?

मेक्सिकन जेवणाचे खरे तंत्रज्ञान सॉसमध्ये नाही, मका शिजवण्याच्या पद्धतीत आहे. वाळलेले मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवतात. किलोभर मक्याला साधारण १० ग्रॅम चुना पुरतो. रात्रभर तसेच ठेवून सकाळी दाणे चोळून धुतात आणि ओलेच वाटतात. चुन्यात शिजवलेल्या अशा मक्याला ‘निश्तामाल’ म्हणतात आणि ही प्रक्रिया तीन हजार वर्षांहून जुनी आहे.

चुन्याने तीन कामे होतात. दाण्याचे टरफल सुटते. पीठ चिकट होऊन भाकर लाटता-थापता येते, नाहीतर मक्याची भाकर कशी तडकते हे करणाऱ्यालाच ठाऊक. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे : मक्यात अडकून पडलेले नायसिन हे ब जीवनसत्त्व मोकळे होते आणि शरीराला मिळते. वर कॅल्शियमही वाढते.

युरोपीय लोकांनी मका नेला, पण चुन्याची रीत नेली नाही. त्याची किंमत गरिबांनी मोजली. इटली, स्पेनपासून अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांपर्यंत, जिथे लोक जवळपास मक्यावरच जगत होते, तिथे पेलाग्रा हा आजार पसरला. त्वचेवर चट्टे, जुलाब, मानसिक भ्रम आणि उपचार न झाल्यास मृत्यू. हा संसर्ग नसून अपुऱ्या आहाराचा परिणाम आहे, हे जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१० च्या दशकात दाखवले. नायसिन हे त्यावरील औषध असल्याचे कळायला १९३७ उजाडले. भारतातही हा आजार दिसला. दख्खनमधील ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरीब मजुरांमध्ये तो का आढळतो, याचा अभ्यास हैदराबादच्या पोषण संशोधकांनी १९६० च्या सुमारास केला. अन्नात डाळ, भाजी, दूध, अंडी असतील तर पेलाग्राची भीती उरत नाही. धोका एकाच धान्यावर पोट भरण्यात आहे.

चंद्रपूर हा चुनखडीचा जिल्हा. इथल्या खाणींवर सिमेंट कारखाने उभे राहिले. घराघरात चुन्याची डबीही असते, पण ती सुपारी-तंबाखूबरोबर घोटल्या जाणाऱ्या खर्ऱ्यासाठी. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियान दारू आणि तंबाखूविरोधात लढत आहे. ज्या पदार्थाने मेक्सिकोत मक्याला सकस केले, तोच आपल्याकडे तंबाखूचा साथीदार झाला. अर्थात घरी प्रयोग करायचाच तर खाण्याचा चुना वापरावा, बांधकामाचा कधीही नाही.

वर्ध्याच्या माणसाचा मेक्सिकोच्या मक्याशी संबंध काय?

फार जवळचा. वर्ध्यात जन्मलेले क्रांतिकारक डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे अमेरिकेत १९१३ मध्ये उभ्या राहिलेल्या गदर चळवळीच्या सुरुवातीच्या नेत्यांपैकी एक. इंग्रज सरकारच्या नजरेमुळे मायदेशी परतणे शक्य नव्हते. १९२० च्या दशकात ते मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. तिथे त्यांनी मक्याच्या आणि गव्हाच्या सुधारित वाणांवर काम केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा चालवल्या. छायाचित्रकार टीना मोदोत्ती यांनी त्यांच्या मक्याच्या कणसांची छायाचित्रे काढली. चित्रकार दिएगो रिवेरा यांच्याशी त्यांची मैत्री होती. मेक्सिको सिटीतील शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत रिवेरा यांचे एक भित्तिचित्र आहे. त्यात जेवणाच्या टेबलाशी बसून भाकर वाटणारी व्यक्ती खानखोजे असल्याचे मानले जाते.

स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले. १९६७ मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले. २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते झाले. म्हणजे मेक्सिकोच्या ताटात विदर्भाचा हात आहेच. आणि उलटेही खरे. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आणले. हरितक्रांतीचा गहू त्यातून आला. आपली रोजची पोळीसुद्धा मेक्सिकोची नातलग आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीत यातले काय काय मिळते?

जवळपास सगळे. मका, मिरची, टोमॅटो, राजमा, पेरू, पपई, सीताफळ ही अमेरिका खंडातील पिके. यातली बरीचशी पोर्तुगीजांच्या काळात भारतात आली आणि जंगलातील गावांपर्यंत रुळली. भामरागड-एटापल्लीकडे पावसाळ्यात घराभोवतीच्या वाडीत मका उभा असतो. चंद्रपूरला लागून असलेल्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे.

मेक्सिकोच्या खानावळीतील लाल सरबत ‘हामाइका’ ज्या फुलांपासून होते, ती लाल अंबाडीची बोंडे. आपण पाने भाजीला वापरतो आणि बोंडांची चटणी करतो. सरबत मात्र मोजक्याच ठिकाणी मिळते. मुंग्यांचेही तसेच. मुंगीच्या अळ्यांचा ‘एस्कामोलेस’ हा पदार्थ मेक्सिकोत महागड्या रेस्टॉरंटमध्ये मिरवतो. ओडिशातील सिमिलीपालच्या लाल मुंग्यांच्या चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गडचिरोलीतील माडिया कुटुंबांतही लाल मुंग्यांची चटणी खाल्ली जाते, पण ती शहरात अजून कुतूहलाचा नाहीतर चेष्टेचा विषय आहे.

मिरचीची आणखी एक बाजू आहे. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या अनेक गावांतून मजुरांची कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. धान निघाल्यावर गावात काम नसते. घरात म्हातारी माणसे उरतात, काही मुलांची शाळा बुडते. २०२० च्या टाळेबंदीत असे हजारो मजूर तिकडेच अडकले होते आणि अनेकांनी पायी परतीचा रस्ता धरला. प्लेटवर भुरभुरलेले ‘चिली फ्लेक्स’ कुठून तरी तोडूनच आलेले असतात. आणि तोडणारे हात बऱ्याचदा आपल्याच जिल्ह्याचे असतात.

मार्गारिटा मिळेल का?

मेक्सिकन मेन्यू म्हटला की टकिलाची मार्गारिटा येते. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, त्यामुळे तिथे प्रश्नच नाही. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ रोजी लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठली, त्यामुळे परवाना असलेल्या ठिकाणीच ती मिळू शकते. तसेही दुपारच्या साध्या मेक्सिकन जेवणाबरोबर लोक सरबतच पितात.

ऑर्डर करताना काय पाहावे?

- तोर्तिया मक्याची की मैद्याची, हे विचारा. ‘टाको’ नाव असले तरी अनेक ठिकाणी मैद्याची पोळी असते.
- शाकाहारी असाल तर ‘रिफ्राइड बीन्स’ कशात परतले, हे विचारा. मेक्सिकोत यासाठी डुकराची चरबी वापरण्याची जुनी रीत आहे. भारतात बहुतेक ठिकाणी तेल असते, तरी खात्री करून घ्या.
- साल्सा ताजी की बाटलीतील? टोमॅटो, कांदा, मिरची बाजारात असताना ताजी साल्सा करायला दहा मिनिटे लागतात.
- नाचोज ही भूक भागवणारी डिश नाही. चिप्स आणि सॉस यात मीठ आणि चरबी भरपूर असते. वाटून खायला ठीक, जेवण म्हणून बीन्स आणि भाजीचा टाको किंवा बरिटो बरा.
- आपल्या भागात कॅफे चालवत असाल तर एक प्रयोग शक्य आहे : वालाची किंवा बरबटीची घट्ट उसळ, भिवापुरी मिरचीची साल्सा, चुन्यात शिजवलेल्या मक्याची गरम तोर्तिया आणि अंबाडीचे सरबत. यातील बहुतेक सामान आठवडी बाजारात मिळेल आणि पैसेही बरेचसे तिथेच राहतील.