विश्लेषण : चुंबक दमदार, तरी मज्जारज्जूचे चित्र अंधूक का?

रुग्णालयांतील बहुतेक एमआरआय यंत्रे १.५ किंवा ३ टेस्ला क्षमतेची असतात. ७ टेस्लाच्या यंत्रात मेंदूचे बारकावे अधिक स्पष्ट दिसतात. मज्जारज्जूच्या बाबतीत मात्र हा फायदा सहज मिळत नाही. असे का होते?

मज्जारज्जू पाहणे महत्त्वाचे का?

मज्जारज्जूची जाडी साधारण १ सेंटीमीटर, म्हणजे करंगळीएवढी. मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजारात त्यावर पडणारे डाग काही मिलिमीटरचेच असतात. हात-पाय बधिर होण्यामागचे कारण अशा एखाद्या डागात दडलेले असू शकते. तो चित्रात उमटलाच नाही, तर निदान लांबते.

अडचण नेमकी कुठे?

एमआरआयमध्ये चुंबकाबरोबरच रेडिओलहरीही लागतात. त्या शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रकांना ‘धक्का’ देतात आणि परत येणाऱ्या संदेशातून चित्र तयार होते. चुंबक जितका शक्तिशाली, तितकी या लहरींची वारंवारिता जास्त. १.५ टेस्लाला ती सुमारे ६४ मेगाहर्ट्झ असते, तर ७ टेस्लाला सुमारे २९८. वारंवारिता वाढली की तरंगलांबी घटते. शरीरात ती सुमारे ५० सेंटीमीटरवरून १२-१३ सेंटीमीटरवर येते. मग लहरी काही ठिकाणी एकमेकींना बळ देतात, तर काही ठिकाणी एकमेकींचा प्रभाव पुसून टाकतात. परिणामी चित्राचा एक भाग उजळ, तर दुसरा काळवंडलेला दिसतो. त्यात मज्जारज्जू शरीरात खोलवर आणि सुमारे ४५ सेंटीमीटर लांब.

लहरींची ताकद वाढवली तर?

तसे केल्यास ऊती तापतात. काही ठिकाणी ही उष्णता एकवटते. त्यामुळे प्रति किलो वजनामागे शरीरात किती ऊर्जा शोषली जावी, यावर सुरक्षेच्या मर्यादा आहेत.

मग उपाय काय?

एका मोठ्या अँटेनाऐवजी मानेभोवती किंवा पाठीखाली अनेक छोट्या अँटेना, म्हणजे कॉइल, बसवल्या जातात. प्रत्येकीच्या लहरीची ताकद आणि वेळ स्वतंत्रपणे जुळवली जाते. उद्देश हा, की मज्जारज्जूपाशी लहरी एकमेकींना पूरक ठराव्यात. शरीराची ठेवण प्रत्येकाची वेगळी असल्याने ही जुळवणी व्यक्तीनुसार करावी लागते. दुसरा उपाय साधा आहे. कॅल्शियम टायटनेटची भुकटी पाण्यात कालवून भरलेल्या पिशव्या मानेजवळ ठेवल्या, की लहरी हव्या त्या भागात अधिक पोहोचतात.

रुग्णांना लाभ कधी?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये ७ टेस्लाच्या पहिल्या यंत्राला रुग्ण तपासणीसाठी मंजुरी दिली. ती डोके आणि हात-पाय यांच्यापुरतीच होती. पाठीचा कणा त्यात नव्हता. शिवाय श्वासागणिक फुप्फुसांतील हवा कमी-जास्त होते आणि चुंबकीय क्षेत्र हलते, ही अडचण वेगळीच. त्यामुळे मज्जारज्जूच्या नेहमीच्या तपासणीसाठी १.५ आणि ३ टेस्लाचीच यंत्रे वापरली जातात. ७ टेस्लाचा उपयोग व्हायचा, तर चुंबकाच्या ताकदीइतकेच लहरी नेमक्या जागी आणि सुरक्षितपणे पोहोचवणेही जमायला हवे.